समरमध्ये भारताचं स्वस्त तिकीट कसं मिळवावं

न्यू जर्सीत राहणाऱ्या, दोन शाळकरी मुलं पदरी असलेल्या आणि दर रविवारी पुण्या-नाशकाहून ‘यंदा येताय ना?’ असा फोन येणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी ही मार्गदर्शिका आहे. सडाफटिंग मंडळींनी ती वाचू नये. त्यांना मनात येईल तेव्हा, म्हणजे फेब्रुवारीत वगैरे, पाठीला सॅक लावून निघता येतं. त्यांना तिकीट आपोआप स्वस्त मिळतं आणि वर ते आपल्याला सल्ला देतात.

न्यूअर्क ते मुंबई हे अंतर १२,५०० किलोमीटरच्या आसपास आहे. न थांबता गेलं तर ते कापायला विमानाला १५-१६ तास लागतात आणि त्याचं तिकीट काढायला जानेवारी ते एप्रिल. हा दुसरा प्रवास सुखरूप पार पडावा म्हणून पुढील सूचना क्रमवार अमलात आणाव्यात.

१. आधी हंगाम समजून घ्यावा

अमेरिकेतला समर हा आपल्याकडचा पावसाळा, ही गोष्ट कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवावी. न्यू जर्सीच्या शाळा जूनच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास सुटतात आणि सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी लेबर डे उरकला की भरतात. कोकणात पाऊस साधारण जूनच्या पहिल्या पंधरवड्यात येऊन बसतो. आपल्या बॅगा भरून होतात तोवर तिकडे हापूसची शेवटची पेटी संपून तिच्यातलं गवतही बाहेर टाकून झालेलं असतं. आषाढी एकादशीला चातुर्मास लागतो, त्यामुळे लग्नांचे मुहूर्त आटोपलेले. गणपती म्हणावा तर २०२६ साली गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला. तेव्हा मुलांच्या शाळेला सुरुवात होऊन गेलेली. तात्पर्य, आंबा नाही, लग्न नाही, गणपती नाही आणि दोरीवरचा टॉवेल तीन दिवस वाळत नाही, अशा दिवसांसाठी आपण वर्षातला सर्वांत चढा दर मोजतो.

टेक्सासातल्या शाळा मे संपता संपता सुटतात. त्यामुळे डॅलसचा चुलतभाऊ हंगामाचे शेवटचे आंबे गाठतो आणि आमरसाच्या वाटीचा फोटो फॅमिली ग्रुपवर टाकतो. फोटो पाहून घर विकायला काढू नये. ‘वा, छान!’ असं लिहून फोन बाजूला ठेवावा.

यातून स्वस्त तिकिटाचा मूलभूत सिद्धांत निघतो: आपल्याला जाता येत नाही तेव्हा तिकीट स्वस्त असतं. पुढचे सगळे उपाय या सिद्धांताला बारीकसा ओरखडा काढण्यापुरते आहेत.

ओरखडा काढायचाच तर तो तारखांवर काढावा. जाणाऱ्यांची झुंबड जूनच्या अखेरीस असते आणि परतणाऱ्यांची ऑगस्टच्या उत्तरार्धात. शुक्रवार-शनिवार सोडून मंगळवारी किंवा बुधवारी निघालं तर बहुधा काही डॉलर सुटतात. शाळेचे शेवटचे तीन-चार दिवस बुडवता आले तर आणखी सुटतात. त्या दिवसांत वर्गात पिझ्झा आणि सिनेमा यापलीकडे काही चालत नाही, हे शिक्षकांनाही माहीत असतं. अर्जात ‘कौटुंबिक कारण’ एवढंच लिहावं. आजीला मारू नये. तिलाच भेटायला चाललो आहोत.

२. दर कोण ठरवतं, हे समजल्यासारखं करावं

१९७८ पर्यंत अमेरिकेतलं देशांतर्गत विमानभाडं एक सरकारी मंडळ ठरवत असे. त्या वर्षी अध्यक्ष जिमी कार्टर यांनी निर्बंध उठवणाऱ्या कायद्यावर सही केली. तेव्हापासून भाडं कोण ठरवतं हे खात्रीने कोणालाच सांगता येत नाही.

ढोबळमानाने प्रकार असा. इकॉनॉमीतल्या सगळ्या खुर्च्या सारख्याच अरुंद असल्या तरी कंपनीच्या संगणकात त्यांना वेगवेगळी इंग्रजी अक्षरं चिकटलेली असतात. वाय म्हणजे बहुधा पूर्ण भाडं, त्याखाली स्वस्त होत जाणारी इतर अक्षरं. प्रत्येक अक्षरात मोजक्या जागा. खालचं अक्षर संपलं की संगणक वरच्या अक्षरावर चढतो. म्हणून शेजारी बसलेल्या गृहस्थांनी आपल्यापेक्षा ४०० डॉलर कमी दिलेले असू शकतात. त्यांना दर विचारू नये. पुढचे १५ तास त्यांच्याच कोपराशी आपल्याला संसार करायचा आहे.

आता एक खरोखर उपयोगाची गोष्ट. चौघांचं तिकीट एकदम शोधलं आणि स्वस्त अक्षरात तीनच जागा उरल्या असतील, तर संगणक चौघांनाही वरच्या अक्षराचा दर दाखवतो. तिघांना स्वस्त आणि एकाला महाग, असा हिशेब तो आपणहून करत नाही. म्हणून आधी एका प्रवाशाचा दर पाहावा, मग दोघांचा, मग चौघांचा. फरक दिसला तर तिकिटं दोन वेगळ्या पीएनआरवर काढता येतात.

मात्र त्यासाठी घरात एक निर्णय घ्यावा लागतो: वेगळ्या पीएनआरवर कोण जाणार? विमान रद्द झालं तर एका पीएनआरवरची मंडळी आज रात्री निघू शकतात आणि दुसऱ्यावरची परवा. सासूबाई सोबत असतील तर या विषयावर चर्चा नको. चौघं-पाचजण एकाच पीएनआरवर जावेत आणि वरचे पैसे गृहशांतीच्या खात्यात टाकावेत.

३. पाळत ठेवावी, पण घरात राहता येईल इतपतच

पाळत ठेवायला गूगल फ्लाइट्स उत्तम. त्यामागचं यंत्र मुळात आयटीए सॉफ्टवेअर या कंपनीचं. एमआयटीतल्या संगणकवाल्यांनी ती १९९६ साली काढली आणि २०११ साली गूगलने ती विकत घेतली. त्यात तारखांनुसार दर पाहता येतात, अलर्ट लावता येतो, दर हलला की ईमेल येतो. अलर्ट लावल्यावर पुन्हा पुन्हा पाहायचं नसतं, त्यासाठीच तो असतो. हे वाक्य वाचूनही आपण पाहणार आहोत, तेव्हा पुढे जाऊ.

दोन अंधश्रद्धा सोडाव्यात. पहिली, ‘मंगळवारी मध्यरात्री दर उतरतात.’ दर दिवसातून कितीदाही बदलतात, त्यांना वाराचं सोयरसुतक नाही. मंगळवारी निघण्याचा फायदा असू शकतो, मंगळवारी बटण दाबण्याचा नाही. दुसरी, ‘इनकॉग्निटो खिडकी उघडली की कंपनी आपल्याला ओळखत नाही आणि कमी दर सांगते.’ जूनअखेर न्यूअर्क ते मुंबई, दोन मोठे, दोन मुलं, परत ऑगस्टअखेर, असं शोधणाऱ्याला ओळखायला वेगळी हेरगिरी लागत नाही.

पाळतीचा घरगुती नमुना असा. रात्रीचे साडेअकरा. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर लॅपटॉप, शेजारी उद्याच्या डब्यांसाठी भिजवलेली मटकी.

‘अगं, दोहामार्गे १,५४०.’

‘घे मग.’

‘थांब जरा. उतरेल.’

‘परवा १,५१० होतं तेव्हाही उतरणारच होतं.’

‘इस्तंबूलमार्गे १,४८० आहे, पण १९ तासांचा हॉल्ट.’

‘१९ तास तुझी मुलं तू सांभाळशील का?’

लॅपटॉप बंद. सकाळी दर १,५९०. मटकीला मोड आलेले असतात, निर्णयाला नाही.

४. मार्ग निवडावा

नॉनस्टॉप विमान महाग असतं आणि त्यात झोप लागत नाही. हॉल्टचं विमान स्वस्त असतं आणि त्यात नेमकी झोप लागते तेव्हा उतरावं लागतं. तीन ते चार तासांचा हॉल्ट सर्वोत्तम. एक तासाचा हॉल्ट म्हणजे एका हाताने मूल आणि दुसऱ्या हाताने स्ट्रोलर ओढत पळण्याची शर्यत. दहा तासांच्या वरचा हॉल्ट घेतला की वाचलेले पैसे विमानतळावरच्या सँडविचवर जातात.

दोहाच्या हमाद विमानतळावर उर्स फिशर या कलावंताने घडवलेलं, डोक्यावर दिवा घेतलेलं सुमारे ७ मीटर उंच पिवळं अस्वल बसलेलं आहे. तिथे मुलांना उभं करून फोटो काढण्याचा प्रघात आहे. तो पाळावा, त्या हॉल्टमध्ये फुकट मिळणारी करमणूक तेवढीच. अबू धाबीमार्गे परतलं तर अमेरिकेचं इमिग्रेशन तिथेच उरकतं. २०१४ पासून ही सोय आहे. पेंगुळलेल्या मुलांसह अमेरिकेत तासभराची रांग लावण्यापेक्षा ते बरं.

युरोपमार्गे जाणाऱ्यांसाठी एक खास तरतूद आहे. युरोपीय संघातल्या विमानतळावरून निघालेलं लांब पल्ल्याचं विमान कंपनीच्या दोषामुळे तीन तासांहून अधिक उशिरा पोचलं, तर २००४ च्या नियमानुसार माणशी ६०० युरोंपर्यंत भरपाई मागता येते. चौघांचे २,४०० झाले, म्हणजे तिकिटाचा मोठा वाटा सुटला. खराब हवामानामुळे उशीर झाला तर मात्र काही मिळत नाही. त्यामुळे देवाला साकडं घालताना ‘तांत्रिक बिघाड’ असं स्वच्छ उच्चारात सांगावं. ‘छोटासा’ हे विशेषण विसरू नये.

दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सुटी तिकिटं जोडून फार स्वस्त प्रवास होतो, असं सांगणारा एक जण मराठी मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात वड्याच्या रांगेत भेटतो. पहिलं विमान उशिरा आलं आणि दुसरं चुकलं तर दुसऱ्या कंपनीचा काही संबंध नसतो, हे तो सांगत नाही. मधल्या देशात बॅगा घेऊन बाहेर पडावं लागलं तर तिथला व्हिसा लागू शकतो, हेही तो सांगत नाही. वडा घ्यावा, सल्ला ठेवून यावा.

५. कागदपत्रं तिकिटाआधी पाहावीत

सोळा वर्षांखालच्या मुलांचा अमेरिकी पासपोर्ट पाचच वर्षं चालतो. आईबापांचा दहा वर्षांचा असल्यामुळे सगळ्यांचाच तसा असेल अशी समजूत घरात नांदत असते, आणि खरी तारीख तिकीट काढल्यावर दुसऱ्या दिवशी सापडते. मुलांचं ओसीआय कार्ड ज्या फाइलीत ‘नीट ठेवलं’ आहे, ती फाइलही आधी शोधावी.

पासपोर्टवरचा अमेरिकी व्हिसा संपलेला आणि हातात फक्त आय-७९७ असलेल्या एच-वन-बी मंडळींनी युरोपमार्गे तिकीट काढण्यापूर्वी त्या देशाचा ट्रान्झिटचा नियम त्यांच्या अधिकृत संकेतस्थळावर वाचावा. हे नियम बदलत असतात. रूममेटला तीन वर्षांपूर्वी सोडलं होतं, हा पुरावा काउंटरवर चालत नाही. परतीसाठी स्टॅम्पिंग लागणार असेल तर अपॉइंटमेंट आधी, तिकीट नंतर. वांद्रे-कुर्ला संकुलातली वकिलात आपल्या परतीच्या तिकिटाकडे बघून तारखा देत नाही.

६. बाळाचा लाभ वेळेत घ्यावा

दोन वर्षांखालचं बाळ मांडीवर बसून गेलं तर आंतरराष्ट्रीय प्रवासात त्याचं भाडं साधारणपणे मोठ्यांच्या दहा टक्के पडतं. मात्र परतीच्या प्रवासाआधी बाळ दोन वर्षांचं झालं तर परतताना त्याला स्वतंत्र खुर्ची घ्यावी लागते. वाढदिवस जुलैत येत असेल तर सुट्टीचा बेत आदल्या वर्षीच आखावा. बाळाच्या जन्माआधी आखला तर अधिक उत्तम. त्याबद्दल कुटुंबात मोकळेपणाने बोलण्याइतकी समजूतदार जोडपी मोजकीच असतात.

७. एकूण खर्च मांडावा

तिकिटाचा आकडा म्हणजे खर्च नव्हे. आखातातून येणारी बरीच विमानं मुंबईत मध्यरात्रीनंतर दोन ते चारच्या दरम्यान उतरतात. तिथून पुणे सुमारे १५० किलोमीटर. गाडी ठरवायची, एक्स्प्रेसवेवर पावसात रांगायचं, फूड मॉलला पहाटे पाचला चहा घ्यायचा. मुलं त्या वेळी टक्क जागी असतात, कारण त्यांच्या घड्याळात आदल्या संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात. ‘कशाला त्रास घेता, आम्ही येऊ’ असं सांगूनही बाबा स्वतः न्यायला येतात, आणि ते येतात म्हणून मोठी गाडी करावी लागते. तीही हिशेबात धरावी.

मग बॅगा. स्वस्त तिकिटात एकच बॅग असेल आणि महागात दोन, तर फरक नीट ताडून पाहावा. एका बॅगेत २३ किलो, म्हणजे ५० पौंड. वजन करण्याची शास्त्रशुद्ध रीत अशी: आधी आपण काट्यावर उभं राहावं, मग बॅग कवटाळून उभं राहावं, वजाबाकी करावी. पहिला आकडा घरातल्या इतरांना दिसणार नाही, अशी व्यवस्था ठेवावी. जाताना बदाम, चॉकलेटं, मल्टिव्हिटॅमिनच्या बाटल्या आणि कोणा तरी ओळखीच्यांनी ‘जागा असेल तरच’ म्हणून दिलेला, जागा नसतानाही न्यावा लागणारा इन्स्टंट पॉट. येताना भाजणी, मेतकूट, गोडा मसाला. ताजा कढीपत्ता मात्र आईने कितीही कागदात गुंडाळून दिला तरी आणू नये. अमेरिकेच्या कृषी खात्याला तो चालत नाही, आणि तो शोधायला विमानतळावर कुत्रे असतात.

८. पॉइंट आणि एजंट

क्रेडिट कार्डाच्या पॉइंटांवर भारतात जाऊन आलेली माणसं असतात. ती आपल्याला भेटतात. आपण जायचं म्हटलं की समरच्या तारखांना पॉइंटांची जागा नसते, किंवा असते ती एकच असते. काही कंपन्या ‘फुकट’ तिकिटावरही इंधनाचा अधिभार आणि कर धरून शेकडो डॉलर घेतात. पॉइंट मिळवण्यासाठी गरज नसलेला सोफा घेऊ नये.

एडिसन-आयसलिनच्या ओक ट्री रोडवरचा एजंट ही त्याहून भरवशाची संस्था. काही एजंटांना कंपन्यांकडून घाऊक दर मिळतात, ते कधी कधी इंटरनेटवर दिसणाऱ्या दरापेक्षा खाली असतात. ‘दोन वाजेपर्यंत सांगा, मग भाव माझ्या हातात नाही’ हे त्याचं वाक्य खोटं समजू नये, खरंही समजू नये. फक्त पैसे देण्यापूर्वी एवढं विचारावं: तारीख बदलायची झाली तर दंड किती, आणि विमान रद्द झालं तर रात्री दोन वाजता फोन कोण उचलणार? एजंटकडून काढलेल्या तिकिटाचे बदल सहसा त्याच्याकडूनच करून घ्यावे लागतात.

९. अतिस्वस्तापासून सावध राहावं

अटलांटिकपार स्वस्तात नेण्याची प्रतिज्ञा करणाऱ्यांचा इतिहास उद्बोधक आहे. सर फ्रेडी लेकर यांनी १९७७ साली स्कायट्रेन सुरू केली: आगाऊ आरक्षण नाही, रांगेत उभं राहा, ५९ पौंडांत लंडन ते न्यूयॉर्क. लोकांनी पदपथावर पथाऱ्या टाकल्या. १९८२ साली कंपनी बुडाली. आइसलँडच्या वाव एअरने तर डिसेंबर २०१८ मध्ये थेट दिल्लीपर्यंत मजल मारली. आपल्याकडच्या मंडळींनी रेकयाविकचा उच्चार शिकून घेतला, तोवर मार्च २०१९ मध्ये तीही बंद पडली. स्वस्त तिकीट देणारा बुडतो, महाग देणारा उडत राहतो, हे आपलं दुर्दैव आहे आणि वैमानिकाच्या पगाराचं सुदैव.

१०. तिकीट काढावं

मार्गदर्शिकेतली सर्वांत अवघड पायरी हीच. सोपी करण्यासाठी अमेरिकी वाहतूक खात्याचा एक नियम आहे: प्रवासाला सात दिवस किंवा अधिक अवधी असताना थेट विमान कंपनीकडून तिकीट काढलं, तर कंपनीला एक तर २४ तास दर राखून ठेवावा लागतो किंवा २४ तासांत दंडाशिवाय रद्द करू द्यावं लागतं. एजंटांना हा नियम बांधील नाही. म्हणून परवडेल असा दर, झेपेल असा हॉल्ट आणि रजा मंजूर झालेल्या तारखा, या तिन्ही गोष्टी एका रात्री जुळल्या की तिथेच थांबावं. बटण दाबावं. २४ तास हवं तेवढं शोधावं, त्यानंतर अलर्ट बंद करावा. तिकीट काढल्यावर दर पाहणं ही शुद्ध आत्मपीडा आहे, त्यातून पैसे परत येत नाहीत.

११. घरी सांगताना

तिकिटाचा खरा दर आईला सांगू नये. ती डॉलरचे रुपये मनातल्या मनात करते, चौघांनी गुणते, आणि म्हणते, ‘एवढ्यात आमची चारधाम दोनदा होईल. नका येऊ यंदा.’ म्हणायचं असतं ‘या’च, पण आकडा ऐकल्यावर तिच्या तोंडून ते निघत नाही, आणि मग बाबांनाही गप्प बसावं लागतं. तेव्हा रविवारी फोन आला की फक्त तारखा सांगाव्यात. तिने दर विचारलाच, तर ‘ऑफर होती’ एवढंच म्हणावं.